ट्रीटमेंट इंटेग्रिटी मोजायची कशी, लिहायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्तन विश्लेषणावर (एबीए) प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणारे विद्यार्थी, विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट यांच्याकडून मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक वेळा सबमिशनला पंधरा दिवस उरलेले असतात. म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. ट्रीटमेंट इंटेग्रिटी म्हणजे नेमकं काय?

पद्धतीच्या प्रकरणात तुम्ही जो उपचार लिहिला, तोच मुलाला मिळाला का आणि किती मिळाला, याचं माप म्हणजे ट्रीटमेंट इंटेग्रिटी. समजा तुम्ही लिहिलंय की सूचना दिल्यावर थेरपिस्ट पाच सेकंद थांबेल आणि मगच बोट दाखवून मदत करेल. खोलीत मात्र ती दोनच सेकंद थांबते. म्हणजे तुमच्या प्रयोगात दोन सेकंदांची पद्धत तपासली गेली आणि प्रबंधात पाच सेकंदांची छापली गेली. वाचणाऱ्याला हे कळायला काहीच मार्ग नाही. तो मार्ग इंटेग्रिटीच्या नोंदीने मिळतो.

मराठीत यासाठी एकच रूढ शब्द नाही. कुणी ‘उपचार-निष्ठा’ लिहितं, कुणी ‘अंमलबजावणीतील अचूकता’. कोणताही वापरा, पण पहिल्यांदा वापराल तिथे त्याची व्याख्या द्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. बोलताना सगळे ‘इंटेग्रिटी’च म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते.

२. इंटेग्रिटी, फिडेलिटी, प्रोसिजरल रिलायबिलिटी हे सगळं एकच का?

रोजच्या वापरात जवळजवळ एकच. बारीक फरक एवढाच, की ‘प्रोसिजरल फिडेलिटी’ म्हणताना बरेच जण बेसलाइनसकट (उपचार सुरू होण्याआधीचा टप्पा) सगळ्या टप्प्यांतली कार्यपद्धती धरतात आणि ‘ट्रीटमेंट इंटेग्रिटी’ म्हणताना फक्त उपचाराचा टप्पा. हा फरक कामाचा आहे. बेसलाइनमध्ये शाबासकी द्यायची नाही असं ठरलेलं असताना थेरपिस्टच्या तोंडून सवयीने ‘व्वा, छान!’ निघत असेल, तर उपचार बेसलाइनमध्येच सुरू झालेला असतो. मग दोन टप्प्यांतला फरक आलेखावर खऱ्याहून लहान दिसतो किंवा संशयास्पद ठरतो. म्हणून नाव काहीही द्या, बेसलाइनही तपासा.

३. माझा आयओए ९४ टक्के आहे. मग हे आणखी कशाला?

आयओए म्हणजे निरीक्षकांमधली एकवाक्यता. दोन निरीक्षकांनी मुलाचं वर्तन सारखंच टिपलं का, हे तो सांगतो. थेरपिस्टने काय केलं याबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. थोडक्यात, आश्रयी चलावर (मुलाचं वर्तन) दोन-दोन पहारेकरी आणि स्वतंत्र चलाचं (उपचार) दार सताड उघडं.

ही तक्रार जुनी आहे. ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस’ १९६८ मध्ये सुरू झालं. १९८२ मध्ये पीटरसन, होमर आणि वंडरलिक यांनी त्याच जर्नलमधले १९६८ ते १९८० चे लेख चाळले. स्वतंत्र चल प्रत्यक्षात कसा राबवला गेला याचं मोजमाप देणारे लेख सुमारे २० टक्केच निघाले. मुलाच्या वर्तनाची व्याख्याही द्यायची आणि अचूकताही तपासायची, उपचाराची मात्र फक्त व्याख्या द्यायची, या दुटप्पीपणावर त्यांनी बोट ठेवलं. १९९३ मध्ये ग्रेशॅम, गॅन्सल आणि नोएल यांनी १९८० ते १९९० मधले मुलांवरचे १५८ अभ्यास पाहिले. मोजमाप असलेले अभ्यास होते १६ टक्के, म्हणजे दहा वर्षांत सुधारणा शून्य. २००७ मध्ये मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २००५ मधल्या १४२ लेखांतले शाळांमधले १५२ अभ्यास तपासले. तिथे आकडा ३० टक्क्यांवर पोचला होता. गंमत म्हणजे त्यातल्या ९५ टक्के अभ्यासांत उपचाराची व्याख्या व्यवस्थित होती. लिहायला सगळे शिकले, मोजायला थोडेच. त्यानंतर प्रमाण वाढलं आहे, पण ‘सगळेच देतात’ म्हणावं अशी वेळ अजून आलेली नाही.

४. गाइड म्हणतात, ‘प्रोटोकॉल काटेकोरपणे पाळण्यात आला’ एवढं वाक्य पुरे. खरंच पुरे का?

नाही. ते मत झालं. १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या शाखेची सात लक्षणं मांडली. त्यातलं एक असं, की नुसतं वर्णन वाचून दुसऱ्या कुणाला तीच प्रक्रिया जशीच्या तशी करता यावी. इंटेग्रिटी ही त्याच्या पुढची पायरी: तुम्ही स्वतः तरी ती तशी केलीत का? गाइडशी वाद घालण्यापेक्षा एक पान चेकलिस्ट आणि एक छोटा तक्ता समोर ठेवा. आकडे दिसले की बहुतेक गाइड विरघळतात.

५. चेकलिस्ट कशी बनवू? माझा प्रोटोकॉल चार पानी आहे.

चार पानांतून डोळ्यांना दिसणाऱ्या कृती काढा. ‘उत्साहाने शिकवणे’ ही कृती तपासता येत नाही. ‘बरोबर उत्तरानंतर दोन सेकंदांत टोकन देणे’ तपासता येते (टोकन म्हणजे साठवून नंतर बक्षिसाशी बदलायची चकती). प्रत्येक ओळ अशी हवी, की खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या अनोळखी माणसालाही ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगता यावं.

एक खरंखुरं वाटेल असं उदाहरण घेऊ. पाच वर्षांच्या मुलाला रंग शिकवायचे आहेत. टेबलावर तीन कार्डं. एका प्रयत्नाच्या पाच पायऱ्या:

(क) मूल कार्डांकडे बघतंय याची खात्री झाल्यावरच सूचना देणे.
(ख) सूचना एकदाच आणि ठरलेल्या शब्दांत देणे: ‘लाल दे’.
(ग) पाच सेकंद थांबणे.
(घ) उत्तर आलं नाही तर लाल कार्डाकडे बोट दाखवणे.
(च) लाल कार्ड हातात आल्यावर दोन सेकंदांत टोकन देणे.

यातली (ख) ही पायरी आपल्याकडे सगळ्यात जास्त निसटते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ प्रोटोकॉल इंग्रजीत असतो, सत्र मराठीत चालतं. मग एकाच बैठकीत ‘लाल दे’, ‘लाल दाखव’, ‘लाल कुठंय रे राजा?’, ‘दे बरं मला लाल’ असं सगळं ऐकू येतं. मोठ्या माणसाला चारही सारखेच वाटतात. जे मूल शब्दांना अर्थ जोडायला आत्ता कुठे शिकतंय, त्याला ‘दे’ आणि ‘दाखव’ या वेगळ्या सूचना आहेत: एकात कार्ड उचलून हातात द्यायचं, दुसऱ्यात नुसतं बोट लावायचं. म्हणून सूचनेचे मराठी शब्द प्रोटोकॉलमध्ये अवतरणचिन्हांत लिहून टाका. ‘लाल रंग ओळखण्याची सूचना द्यावी’ असं मोघम लिहू नका.

चेकलिस्ट दहा-बारा ओळींच्या पुढे गेली तर निरीक्षक थकतो आणि डोळे झाकून खुणा करायला लागतो. ज्या पायऱ्यांवर परिणाम अवलंबून आहे त्या आधी घ्या. दार लावलं का, खुर्ची सरळ होती का, असल्या ओळी भरून टक्केवारी फुगते, बाकी काही होत नाही.

६. टक्केवारी कशी काढायची?

साधं सूत्र: बरोबर राबवलेल्या पायऱ्या भागिले लागू असलेल्या पायऱ्या, गुणिले १००. पण आकडा एकच दिला तर तो फसवतो. वरच्याच उदाहरणात दहा प्रयत्न घ्या. शिकवणीचे पहिले दिवस आहेत, मूल स्वतःहून उत्तर देत नाही, त्यामुळे पाचही पायऱ्या दर वेळी लागू. एकूण ५० चौकोन. क, ख, घ, च या चार पायऱ्या दहाच्या दहा वेळा बरोबर. ‘पाच सेकंद थांबणे’ फक्त चार वेळा, बाकी सहा वेळा थेरपिस्टचं बोट आधीच कार्डावर पोचलं.

एकूण: ५० पैकी ४४, म्हणजे ८८ टक्के. बघायला झकास.
फक्त ‘ग’ पायरी: १० पैकी ४, म्हणजे ४० टक्के.
सगळ्या पायऱ्या बरोबर असलेला प्रयत्नच बरोबर धरायचा, असं ठरवलं तर: पुन्हा ४० टक्के.

रेकॉर्डिंग तेच, सत्र तेच. आणि ज्या पायरीत गडबड आहे ती अशीतशी नाही. थांबल्याशिवाय मुलाला स्वतः उत्तर द्यायची संधीच मिळत नाही, ते बोटाची वाट बघायला शिकतं. म्हणून एकूण टक्केवारी द्याच, पण पायरीवार तक्ताही द्या. जागा कमी असेल तर निदान सगळ्यात कमकुवत पायरी आणि तिचा आकडा नावानिशी सांगा. किमान-कमाल व्याप्तीही हवी: ‘सरासरी ९१’ या शब्दांमागे ५५ टक्क्यांचं एखादं सत्र आरामात लपतं.

७. ज्या पायरीची वेळच आली नाही, तिला बरोबर धरायचं ना?

नाही. ‘लागू नाही’ अशी वेगळी खूण करा आणि तो चौकोन छेदातून काढून टाका. समजा एक पायरी आहे: ‘मूल ओरडलं तर दुर्लक्ष करणे’. बारा सत्रं तपासली. नऊ सत्रांत मूल ओरडलंच नाही. उरलेल्या तीन सत्रांत ते प्रत्येकी एकदा ओरडलं आणि थेरपिस्टने एकदाच नीट दुर्लक्ष केलं. रिकाम्या नऊ सत्रांना ‘बरोबर’ धरलंत तर बारापैकी दहा, ८३ टक्के. खरा आकडा तीनपैकी एक, ३३ टक्के. परीक्षक जागा असेल तर छेद विचारतोच. म्हणून टक्क्यासोबत संधी किती आल्या तेही लिहा.

८. किती सत्रं तपासायची?

प्रघात असा, की निदान २० टक्के सत्रं, आणि ३० च्या आसपास असली तर कुणी हरकत घेत नाही. पण संख्येपेक्षा विखुरणी बघा. प्रत्येक टप्पा, प्रत्येक मूल, प्रत्येक थेरपिस्ट यांतून सत्रं आली पाहिजेत, आणि सुरुवातीचीच नकोत. माझ्या पहिल्या अभ्यासात मी सगळी तपासणी पहिल्या आठवड्यात उरकली होती. प्रशिक्षण ताजं, सगळे सावध, आकडा ९७. महिन्याभराने सहज एक व्हिडिओ उघडला तर टोकन द्यायची पद्धत पार बदलून गेली होती, आणि बदलणारी मीच होते. हळूहळू होणारी ही घसरण (ड्रिफ्ट) करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. सत्रं चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि कोणतं निवडलं जाणार हे थेरपिस्टला आधी कळू देऊ नका.

९. मीच संशोधक, मीच थेरपिस्ट. मग तपासणार कोण?

दुसरं कुणीतरी. वर्गमैत्रीण चालेल, केंद्रातला सहकारी चालेल, फक्त त्याला चेकलिस्ट वापरायचं प्रशिक्षण द्या आणि त्या प्रशिक्षणाचा निकषही लिहा. स्वतःच स्वतःला दिलेले गुण बहुधा चढेच येतात. यात लबाडी असतेच असं नाही, हात काय करत होते ते मनाला आठवत नाही. स्वमूल्यांकन हवं तर जोडीला ठेवा, त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नका.

व्हिडिओ सगळ्यात सोयीचा. निरीक्षक खोलीत बसला की थेरपिस्ट सावध होते आणि मूल त्याच्याकडेच बघत बसतं. कॅमेरा मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळे विसरतात. व्हिडिओसाठी पालकांची लेखी संमती वेगळी घ्या: कोण बघणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं मुलांना ‘असुरक्षित गट’ मानतात, त्यामुळे नैतिकता समितीकडे अर्ज करतानाच हा मुद्दा घाला. मागाहून घातला की समिती नव्याने बसते.

व्हिडिओ शक्यच नसेल तर मागे उरणाऱ्या वस्तू पाहा: भरलेले टोकन-तक्ते, सोडवलेले कागद, तारीख-वेळ असलेल्या नोंदी. यांतून ‘टोकन दिलं’ कळतं, ‘दोन सेकंदांत दिलं’ कळत नाही. ही मर्यादा लिहा.

आणि हो, इंटेग्रिटीच्या नोंदीचाही आयओए काढा. काही सत्रं दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची आणि चौकोनागणिक जुळणी बघायची.

१०. आमच्या केंद्रातल्या थेरपिस्ट यावर नाराज होतात. ‘आमची परीक्षा घेताय का?’ म्हणतात.

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण आकडे न येण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. चेकलिस्ट हातात आली की सगळ्यांना शाळा तपासायला आलेले साहेब आठवतात. वही झाकली जाते.

चेकलिस्टवर थेरपिस्टचं नाव ठळक आणि प्रक्रियेचं नाव बारीक असेल तर तो संशय रास्तच आहे. उलटं करा. टक्केवारी उपचाराची आहे. तिघी वेगवेगळ्या थेरपिस्ट एकाच पायरीवर अडखळत असतील, तर पायरीत खोट आहे. एका ठिकाणी टोकनांचा डबा टेबलापासून चार पावलांवर कपाटात होता. दोन सेकंदांत टोकन देणं कुणालाच जमत नव्हतं आणि तिघींना वाटत होतं आपणच मंद. कंबरेला छोटी पिशवी बांधली, प्रश्न मिटला. हे निघालं चेकलिस्टमधूनच.

सुधारणेसाठी काय चालतं, यावर बराच अभ्यास झालेला आहे. एकदा कार्यशाळा घेऊन सोडून देण्याने फार काही टिकत नाही. प्रत्यक्ष करून दाखवणं, करवून घेणं आणि नंतर ठरावीक काळाने आकड्यांसह प्रतिसाद देणं, याने टिकतं. प्रतिसाद देताना पायरीचं नाव घ्या: ‘थांबण्याची पायरी दहापैकी चार वेळा झाली’. ‘तुम्ही घाई करता’ म्हणालात की पुढच्या वेळी कॅमेऱ्याची बॅटरी संपलेली असते.

११. ८० टक्के म्हणजे पास ना?

८० हा प्रघात आहे. सगळ्या उपचारांना लागू पडेल असा त्याला प्रायोगिक आधार नाही. काही उपचार बऱ्यापैकी चुका पचवतात. काही ९० टक्क्यांवरही कोसळतात, कारण उरलेल्या दहात नेमकी कळीची पायरी असते (प्रश्न ६ आणि १२). कॅरल, कोडॅक आणि फिशर यांनी २०१३ मध्ये मुद्दाम चुका पेरून पाहिलं, तेव्हा सुट्या प्रयत्नांच्या शिकवणीत (एका वेळी एक सूचना, एक उत्तर) मुलांचं शिकणं मंदावलं किंवा अडलं. तुमच्या उपचारासाठी किती पुरेल, हे असल्याच अभ्यासांतून ठरतं. ‘८० च्या वर आहे, सबब समाधानकारक’ असं लिहिण्याआधी हे पाहा.

१२. सगळ्या चुका सारख्याच गंभीर का?

मुळीच नाही. दोन जाती ओळखा: राहून गेलेली चूक (करायचं ते केलं नाही) आणि घडलेली चूक (करायचं नव्हतं ते केलं).

घरातलं उदाहरण. मूल मोबाइलसाठी किंचाळतं. उपचार असा: मोबाइल मागायचं कार्ड हातात दिलं तर दोन मिनिटं मोबाइल, किंचाळलं तर काही नाही. मुलाने कार्ड दिलं, पण आजी शेजारणीशी बोलत होती, लक्ष गेलं नाही: राहून गेलेली चूक. मूल किंचाळलं, आजी वैतागून म्हणाली, ‘घे रे बाबा, पण गप्प बस’: घडलेली चूक. दुसरी जास्त महागात पडते. अधूनमधून का होईना किंचाळण्याला मोबाइल मिळत राहिला, की ते टिकतं. सेंट पीटर पिपकिन, व्होल्मर आणि स्लोमन यांच्या २०१० च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: पर्यायी वर्तनाला प्रबलन (वर्तन वाढवणारं बक्षीस) देण्याच्या पद्धतीत, नको त्या वर्तनाला चुकून प्रबलन मिळण्याने जितकं नुकसान झालं, तितकं नुसतं राहून गेल्याने झालं नाही.

म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा. ‘९० टक्के’ या शब्दांत आजी दिसत नाही. (आजीला दोष देऊ नका. तिला प्रोटोकॉल कुणी सांगितला होता का, हे आधी विचारा.)

१३. इंटेग्रिटी ६२ टक्के आली आणि मुलात फरक पडला नाही. हा अभ्यास फुकट गेला का?

नाही, पण निष्कर्ष बदलतो. ‘हा उपचार निरुपयोगी आहे’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण तो उपचार पुरता दिलाच गेला नाही. कार्यक्रम-मूल्यमापनात याला तिसऱ्या प्रकारची चूक म्हणतात: जे घडलंच नाही त्याच्यावर निकाल देणं. तुम्ही लिहाल ते असं, की या परिस्थितीत, या प्रशिक्षणावर, उपचार ६२ टक्केच राबवता आला आणि त्या पातळीवर बदल दिसला नाही. शाळेत काम करणाऱ्याला हे वाक्य सोन्यासारखं आहे.

अभ्यास चालू असतानाच घसरण दिसली तर पुन्हा प्रशिक्षण द्या, पण ते कोणत्या सत्रानंतर दिलं हे आलेखावर उभ्या रेषेने दाखवा. मुलाचा आलेख तिथून वळला असेल तर ती माहिती तुम्हीच वाचकाला द्यायला हवी.

१४. ६२ टक्के आली, तरी मूल छान सुधारलं. मग इंटेग्रिटी गेली उडत?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी थोडा विजय असतो. शक्यता तीन. एक, उपचार खरोखर चिवट आहे आणि चुका पचवतो. दोन, सुधारणा भलत्याच कशाने झाली: शाळा बदलली, औषध बदललं, मूल वाढलं. तीन, चेकलिस्टमध्ये बिनमहत्त्वाच्या पायऱ्या भरल्या होत्या आणि चुका तिथेच झाल्या. पायरीवार तक्ता असेल तर तिसरी शक्यता लगेच तपासता येते. दुसरी तुमच्या प्रयोगरचनेने पेलायला हवी. कोणती खरी हे ठरवता येत नसेल तर तिन्ही लिहा.

१५. मूल रडत होतं म्हणून मी सूचना सोपी केली. ही चूक धरायची का?

आधीपासून ठरलेली लवचिकता आणि वेळेवर सुचलेला बदल यांत फरक करा. ‘मूल दोन मिनिटांहून जास्त रडलं तर सत्र थांबवावं’ हे प्रोटोकॉलमध्ये असेल, तर थांबवणं ही बरोबर राबवलेली पायरी आहे. नसेल, तर चेकलिस्टवर चूक नोंदवा आणि शेजारी कारण लिहा. नोंद चुकीची आहे म्हणून तुमचा निर्णय चुकीचा ठरत नाही. रडणाऱ्या मुलापुढे प्रोटोकॉल वाचत बसा, असं कुणीही शहाणा माणूस सांगणार नाही. असे प्रसंग वारंवार येत असतील तर प्रोटोकॉलच दुरुस्त करा आणि नवी आवृत्ती कोणत्या तारखेपासून, ते लिहा.

१६. माझा अभ्यास आयांना प्रशिक्षण देण्याचा आहे. आईची अचूकता हाच माझा मुख्य डेटा आहे. मग इंटेग्रिटी कशाची?

तुमच्या प्रशिक्षणाची. इथे दोन मजले आहेत आणि बरेच प्रबंध जिन्यातच अडकतात. वरच्या मजल्यावर तुम्ही आईला शिकवता: सूचना, प्रात्यक्षिक, सराव, प्रतिसाद. खालच्या मजल्यावर आई मुलासोबत ते करते. आईची अचूकता हा तुमचा आश्रयी चल. स्वतंत्र चल आहे तुमचं प्रशिक्षण, आणि इंटेग्रिटी त्याची मोजायची: प्रत्येक आईला चारही भाग मिळाले का, की तिसऱ्या आईच्या वेळी बस चुकेल म्हणून सराव गाळला? मुलाच्या वर्तनाचाही आलेख देत असाल, तर त्या आलेखापुरती आईची अचूकता इंटेग्रिटीचं काम करते. दोन्ही आकडे वेगळ्या नावांनी लिहा.

१७. उपचार टॅबलेटवरच्या कार्यक्रमातून दिला जातो. तिथे तर चूक शक्यच नाही.

धोका कमी, शून्य नाही. वर सांगितलेल्या २००७ च्या आढाव्यातही यंत्राने दिलेले उपचार कमी धोक्याचे धरले होते. पण आवाज बंद होता का, नेट गेल्यावर कार्यक्रम कुठे अडकला, शेजारी बसलेल्या दादाने उत्तर सांगितलं का, हे यंत्र सांगत नाही. यंत्राच्या नोंदी आणि थोडी प्रत्यक्ष पाहणी, एवढं पुरतं.

१८. गणपतीत दहा दिवस सत्रंच झाली नाहीत. हे इंटेग्रिटीत धरायचं का?

झालेल्या सत्रांच्या टक्केवारीत मिसळू नका. हा मात्रेचा प्रश्न आहे: ठरलेली किती, झालेली किती, प्रत्येकी किती मिनिटांची. वेगळ्या ओळीत लिहा. ‘आठवड्याला पाच’ असं पद्धतीत लिहिलंय आणि सरासरी साडेतीन निघते, असं फार वेळा होतं.

१९. प्रबंधात हे नेमकं कुठे आणि कसं लिहू? एखादा नमुना द्या.

व्याख्या आणि मोजण्याची रीत पद्धतीच्या प्रकरणात, आकडे निकालांत, अर्थ चर्चेत. एकल-व्यक्ती प्रयोगांच्या वृत्तासाठी २०१६ मध्ये आलेल्या ‘स्क्राइब’ या २६ मुद्द्यांच्या मार्गदर्शिकेत यासाठी स्वतंत्र मुद्दा आहे. गटांवरचा अभ्यास असेल तर २०१४ ची ‘टायडिअर’ ही बारा मुद्द्यांची यादी पाहा. तिचे शेवटचे दोन मुद्दे याचेच आहेत: काय मोजायचं ठरलं होतं आणि प्रत्यक्षात काय निघालं.

नमुना (आकडे काल्पनिक):

‘प्रत्येक मुलाच्या बेसलाइन व उपचार या दोन्ही टप्प्यांतील ३३ टक्के सत्रं चिठ्ठ्या टाकून निवडली. संशोधनाच्या हेतूची कल्पना नसलेल्या प्रशिक्षित निरीक्षकाने ध्वनिचित्रफितींवरून पाच पायऱ्यांची चेकलिस्ट भरली (परिशिष्ट २). लागू नसलेल्या पायऱ्या छेदातून वगळल्या. उपचार टप्प्यातील एकूण इंटेग्रिटी ९१ टक्के (व्याप्ती ७८ ते १००) होती. सर्वांत कमी अचूकता ‘पाच सेकंद थांबणे’ या पायरीत आढळली (७४ टक्के). तपासलेल्या सत्रांपैकी ३० टक्के सत्रं दुसऱ्या निरीक्षकाने स्वतंत्रपणे तपासली. एकवाक्यता ९५ टक्के.’

चेकलिस्ट परिशिष्टात जोडाच. ती नसेल तर ९१ कशाचे, हे कुणाला कळणार?

२०. मी इंटेग्रिटी मोजलीच नाही आणि सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे. आता काय करू?

आधी व्हिडिओ आहेत का बघा. असतील तर वाचलात: चेकलिस्ट आता बनवा, मैत्रिणीला चहा पाजा, निवडलेली सत्रं तिच्याकडून तपासून घ्या, आणि ही तपासणी नंतर केली आहे हे लिहा. तपासणीसाठी बघण्याला संमतिपत्रात परवानगी होती ना, ते आधी वाचा (प्रश्न ९). व्हिडिओ नसतील तर टोकन-तक्ते, रोजच्या नोंदी काढा आणि त्यांतून जेवढं दिसतं तेवढंच मांडा.

तेही नसेल तर मर्यादांमध्ये सरळ लिहा: ‘उपचाराच्या अंमलबजावणीचं मोजमाप केलं गेलं नाही, त्यामुळे आढळलेला बदल वर्णन केलेल्या प्रक्रियेमुळेच झाला असं खात्रीने म्हणता येत नाही.’ हे वाक्य लिहिताना हात जड होतो, मला ठाऊक आहे. पण आठवून आठवून चेकलिस्ट भरू नका. तोंडी परीक्षेत ‘सात तारखेचं सत्र कुणी तपासलं?’ एवढाच प्रश्न आला, तर सांगायला कुणाचं तरी नाव लागेल.